जितां सुंगट

गरीला लावायच्या खाद्याचे आमच्याकडे तीन प्रकार मानतात. बाजारात उरलेला, मऊ पडलेला बांगडा किंवा तारली कापून लावली की झालं शिळं खाद्य. त्याला कुर्ल्या येतात, शिंगाळे येतात. त्याच्यावर ताजं, पण मेलेलं. आणि सगळ्यांत वर जितं. सुंगट म्हणजे कोळंबी. जितां सुंगट म्हणजे गरीला टोचलेली आणि तरीही पाण्यात पाय हलवणारी, मिशा फिरवणारी, मधूनच शेपटीचा फटका मारून मागे उडी घेणारी कोळंबी. पहिल्या दोन प्रकारांबद्दल मला आजवर कुणी काही विचारलेलं नाही, मीही कुणाला विचारलेलं नाही. तिसऱ्यावरून मात्र आमच्या घरात गेली दोन वर्षं वाद चालू आहे. तो मिटावा म्हणून मी लिहीत नाही. वाद नेमका कशाचा आहे, एवढं तरी नीट मांडता यावं म्हणून लिहितोय.

आमचं गाव कालावलच्या खाडीकाठचं. गड नदी मसुऱ्याच्या खाली रुंद होत जाते. तिच्यात पाणखोल, खोत, मसुरकर असे जुवे, म्हणजे खाडीतली वस्तीची बेटं आहेत, आणि पुढे तळाशील आणि सर्जेकोट यांच्यामधून ती समुद्राला मिळते. सुकतीला इथे चिखलाचे आणि पुळणीचे लांबच लांब पट्टे उघडे पडतात. बायका तिसऱ्या काढायला उतरतात, बगळे रांग धरून उभे राहतात. भरती लागली की त्याच जागेवर आधी घोटाभर, मग गुडघाभर, मग कमरेइतकं पाणी चढतं. ह्या उथळ पाण्यात, कांदळाच्या मुळांच्या कडेकडेने, बारक्या माशांच्या मागोमाग मोठा मासा वर येतो. तांबोसा येतो. चोणक येतो. रायगडकडचे लोक ज्याला जिताडा म्हणतात आणि ज्याच्यासाठी वाटेल तो भाव मोजतात, तोच हा.

वेळ कळायला घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरती भरायचा अदमास मिळतो: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला आणि अवसेला अकरा-सव्वाअकरा. उधाणाला पाणी नुसतं धावतं, गरी जागेवर राहत नाही. अष्टमीच्या भांगाला पाण्यात जीव नसतो. मधल्या तिथ्या गरवायला बऱ्या, असं आबाकाका म्हणायचे. आबाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. शेती थोडी, आंबा थोडा, आणि उरलेला सगळा माणूस खाडीत.

मेल्या खाद्याला चोणक येतच नाही असं नाही. पण तो शिकारी मासा. खाडीचं पाणी गढूळ, नजर लांब पोचत नाही. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक रेषा असते, तिने त्याला पाण्यातली थरथर कळते. सुंगटाने शेपटीचा फटका मारला की ती थरथर त्याच्यापर्यंत जाते. मग तो जवळ येतो, एकदम तोंड वासतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. त्याचा 'धप्प' असा आवाज होतो, तो शांत रात्री काठावरच्या घरात ऐकू येतो. आबाकाका ह्याचं वर्णन चार शब्दांत करायचे: "मेलेलां वास देता, जितां हाक मारता."

सुंगट कुणाला हाक मारत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. सुंगट सुटायला धडपडतं. त्या धडपडीचा आवाज मोठ्या माशाला जेवणाचं बोलावणं वाटतो. दोन जीवांमधली ही जी गैरसमजाची जागा आहे, तिथे आपण दोरी बांधून बसतो. सगळा वाद तिथलाच आहे.

त्याआधी हातांबद्दल सांगायला हवं, कारण शहरातल्या वाचकाला 'गरीला जिवंत कोळंबी टोचतात' एवढंच ऐकून एखादा आडदांड माणूस डोळ्यांसमोर येईल. आबाकाकांचे हात तसे नव्हते. ते पाग मारून सुंगटं धरायचे आणि बांबूच्या झाकणाच्या टोपलीत घालून टोपली होडक्याच्या कडेला, सावलीच्या बाजूने, पाण्यात सोडायचे. वीसच्या वर कधी नाहीत. जास्त घातली की गुदमरतात. सुंगट उचलण्याआधी हात खाडीच्या पाण्यात बुडवून गार करायचे, कारण माणसाच्या हाताची ऊब त्याला सोसत नाही असं त्यांचं म्हणणं. सुंगटाच्या डोक्यावर करवतीसारखा काटा असतो. त्याच्या मागे, काचेसारख्या कवचातून, एक काळपट ठिपका दिसतो. गरी काट्याच्या मुळाशी, ठिपक्याच्या पुढून आरपार काढायची. ठिपक्याला लागली की सुंगट तिथल्या तिथे मेलं. शेवट्याचं पिल्लू असेल तर पाठीवरच्या पराच्या पुढे, मणक्याच्या वरून, नुसत्या मासातून. टोचल्यावर ते अलगद पाण्यात ठेवायचे, फेकायचे नाहीत. "जित्या सुंगटाक हात असो लावूचो, जसो तान्या पोराक लावतंव," असं मला शिकवताना म्हणाले होते.

मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. मला ते वाक्य फार आवडलं होतं. आजही आवडतं, पण आता त्याच्याकडे बघत थांबावंसं वाटतं. इतकी नाजूक जपणूक, आणि कशासाठी? तर जीव लवकर जाऊ नये म्हणून. कोंबडीला आपण दाणे घालतो तेव्हाही शेवट ठरलेलाच असतो, पण मधले दिवस तिचे असतात. ती उकिरडा उकरते, धुळीत लोळते, पिल्लं घेऊन फिरते. टोपलीतल्या सुंगटाला आपण जी दहा-वीस मिनिटं जास्त दिली, त्यांतलं एकही त्याचं नसतं. जीव कुठे आहे हे ज्याला अचूक माहीत, तोच तो चुकवून गरी काढू शकतो. हे ज्ञान करुणेसारखं दिसतं. वैद्याच्या हातात असतं तर आपण त्याला करुणाच म्हटलं असतं.

आता वादाकडे येतो. आबाकाकांच्या नातवाने, म्हणजे माझ्या पुतण्याने, कर्ज काढून फायबरची होडी घेतली आणि तो पर्यटकांना गरवायला नेऊ लागला. मुंबई-पुण्याहून, बेळगावहून माणसं येतात. त्यांच्याकडे आपापले रॉड असतात, रीळं असतात, नाना रंगांचे प्लास्टिकचे मासे असतात. पण दिवसभर फिरून मासा लागला नाही की ती जितं खाद्य मागतात. पुतण्या म्हणतो, "नाना, गिऱ्हाइकाक मासो गावाक होयो. गावलो नाय तर तो परत येवचो नाय. आणि बँकेचो हप्तो काय तिथी बघून येना नाय." हे खरं आहे.

सुंगटं धरून टोपली भरायचं काम सुट्टीत त्याची बहीण करायची. ती रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालयात शिकते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आली आणि तिने टोपली बाजूला ठेवली. मला म्हणाली, "नाना, मी मासे खातंय. सोवळी झालंय म्हणू नकात. पण ह्यां काम माझ्याकडसून होवचां नाय."

भाऊ तापला. त्याचा मुद्दा बिनतोड होता. आदल्या रात्री घरात सुंगटांची कढी होती, चाळीसेक तरी असतील, आणि बहिणीने दोनदा वाढून घेतली होती. ती चाळीस कशी मेली? जाळ्यातून काढून टोपात टाकली, वाऱ्यावर तडफडत हळूहळू मेली. कुणी त्यांना गार हाताने धरलं नाही. त्याच्या गरीवरचं एक सुंगट बहुतेक वेळा दहा मिनिटांत चोणकाच्या पोटात जातं, आणि खाडीत तरी त्याचं दुसरं काय होणार होतं? संख्येने बघा, वेळेने बघा, गरीचं पाप कढीपेक्षा कमी भरतं. मी हिशेबाचा मास्तर, मला हा हिशेब मान्य करावा लागला. बाय गप्प बसली. पण टोपली काही तिने उचलली नाही.

तिला जे सांगता आलं नाही ते शोधायला मला बरेच दिवस लागले. ते असं आहे. समजा उद्या अशी काही युक्ती निघाली की जाळ्यातलं सुंगट क्षणात, कळ न लागता मरेल. आमच्या कढीचं काय बिघडेल? काहीच नाही. उलट चव सुधारेल. कढीला सुंगटाचं मास हवं, त्याची तडफड तिच्या काही कामाची नाही. ती आपल्या निष्काळजीपणाने होते. आता तीच युक्ती गरीवर करा. सुंगटाला काही कळेनासं झालं, ते शांत पडलं, की गरी वाया गेली. तिथे तडफड हेच अवजार आहे. ती कमी करायची म्हणजे अवजार बोथट करायचं. कढी खाणाऱ्याला दुःख टाळायला शिकवता येतं. जित्या सुंगटाने गरवणाऱ्याला तसं शिकवता येत नाही, कारण तो दुःखच विकत घेतोय.

वाघाच्या मचाणाखाली बांधलेली शेळी अशीच. तिने ओरडायला हवं. ती गप्प राहिली तर शिकाऱ्याची रात्र फुकट. तित्तर पकडणारे पिंजऱ्यात पाळलेला तित्तर झाडीत ठेवतात, तोही ओरडायला हवा. पण तित्तराची बोली त्याच्या रोजच्या जगण्यातली असते. त्यात भीती असेलच असं नाही. शेळीची आणि सुंगटाची गोष्ट निराळी. आणि बैल? त्याचा जीव आपण अवजार म्हणून वापरतोच की. इथे मी स्वतःला समजावलं होतं की बैलाची आपण ताकद वापरतो, भीती वापरत नाही. पण पराणीच्या टोकाला खिळा असतो, तो काय ताकदीसाठी? माझी रेघ तिथे थोडी गळते. गळू दे. जी रेघ कुठेच गळत नाही ती बहुधा कुणी नांगरलेल्या जमिनीवर ओढलेली नसते.

ह्या देशाच्या कायद्यानेही शेळीचा विचार केलेला आहे, हे मला उशिराच कळलं. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या अकराव्या कलमात, केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला दुसऱ्या प्राण्याचं भक्ष्य व्हावं असं कोंडणं किंवा बांधणं गुन्हा ठरवलेलं आहे. अभयारण्यात वाघासाठी आमिष बांधण्याचा त्यात उल्लेखच आहे. आणि त्या कायद्यात 'प्राणी' म्हणजे माणसाखेरीज कोणताही सजीव. त्याच कलमात पुढे म्हटलंय की माणसाच्या अन्नासाठी प्राणी मारताना जे घडतं त्याला हे लागू नाही, मात्र अनावश्यक यातना देता कामा नयेत. 'केवळ' आणि 'अनावश्यक' हे दोन शब्द मी पुतण्याला वाचून दाखवले. तो म्हणाला, "नाना, पोलीस पाटील सुंगटां मोजूक येवचो नाय." तेही खरं. पण कायदा लिहिणाऱ्यांना जे दोन शब्द सुचले त्यांच्यावर आमचं घर अडलेलं होतं, ह्याची मला गंमत वाटली.

कुणी म्हणेल, सुंगटाला भीती असते कशावरून? हा प्रश्न मला हलका वाटत नाही. बायने मला तिच्या अभ्यासातलं सांगितलं. २००३ मध्ये स्कॉटलंडमध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या ओठात मधमाशीचं विष आणि आम्ल टोचून पाहिलं. आम्ल टोचलेले मासे ओठ वाळूवर घासू लागले, आणि दोन्ही गटांनी बराच वेळ अन्नाला तोंड लावलं नाही. बेलफास्टचे रॉबर्ट एलवुड यांनी कोळंबीच्या मिशीला आम्ल लावलं तर ती नेमकी तीच मिशी पुन्हापुन्हा साफ करत राहिली. दुसरे शास्त्रज्ञ म्हणतात, माशाच्या मेंदूत माणसासारखा वरचा थर नाही, तेव्हा हे नुसतं अंगाचं उत्तर आहे, मनाचं दुःख नव्हे. तरीही ब्रिटनने २०२२ साली संवेदना असलेल्या प्राण्यांचा जो कायदा केला, त्यात खेकडे, शेवंड, कोळंबी यांना घेतलं. पीटर सिंगर नावाच्या तत्त्वज्ञाने १९७५ च्या आपल्या पुस्तकात विचार केला होता की दुःख भोगणाऱ्या जीवांची हद्द कुठे आखायची, आणि त्याला कोळंबी आणि कालव यांच्यामधली जागा त्यातल्या त्यात बरी वाटली होती. हे ऐकून मी मोठ्याने हसलो. कोळंबी आणि कालव यांच्यामधली जागा म्हणजे आमची खाडीच. कालवं खडकाला चिकटलेली, सुंगटं त्याच खडकाच्या बुडाशी. आमच्या बायका एकाच सुकतीला दोन्ही काढतात आणि एकाच टोपलीतून घरी आणतात.

मला एवढंच वाटतं की ज्याला खात्री नाही त्याने आपल्या सोयीची बाजू धरून चालू नये. पण खात्री नाही म्हणून शेजाऱ्याची चूलही विझवू नये.

राहता राहिला 'केवळ'. पर्यटकांचं काय? ते बहुतेक मासा पकडून, हातात धरून, फोटो काढून परत सोडतात. एकदा पुण्याचे एक गृहस्थ, वागायला अगदी मोकळे, मला काठावर म्हणाले, "काका, आम्ही सोडून देतो, तुम्ही मारता. मग क्रूर कोण?" मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण त्यांच्या बाजूला एक जड गोष्ट होती. चोणक जन्माला नर म्हणून येतो आणि काही वर्षांनी, चांगला मोठा झाल्यावर, त्याची मादी होते. म्हणजे खाडीतला मोठा चोणक ही बहुतेक मादीच, आणि पावसाच्या तोंडाला अंडी घालणारी तीच. तिला सोडणारा माणूस खाडीला काहीतरी परत देतो. आबाकाकांनी ती कधी सोडली नसती. घरी आणून, कापून, अंडी वेगळी तळून, डोक्याचं कालवण करून सात घरी वाटली असती.

पण त्या गृहस्थांच्या गरीला जितां सुंगट होतं. चोणक सोडला, हे त्यांनी पाहिलं. सुंगट कुणी सोडलं? दिवसात पंधरा सुंगटं गेली, तीन मासे लागले, तिन्ही सोडले, आणि रात्री हॉटेलात पनीर. कुणाच्या पोटात काही गेलं नाही. तिथे तो कायद्यातला 'केवळ' शब्द मला आरपार लागू पडलेला दिसतो. त्यांनी प्लास्टिकचाच मासा फिरवला असता तर माझी तक्रार फार नरमली असती. फाटलेल्या ओठापुरती उरली असती.

एवढ्यावर हा लेख संपवता आला असता: पोटासाठी चालेल, करमणुकीसाठी नाही. शाळेत मुलांना असंच उत्तर लिहायला लावलं असतं. पण मला आबाकाकांचा चेहरा आठवतो. घरात भात होता, पेज होती, सुकं होतं. उपाशी कुणी मरत नव्हतं. तरी पंचमी-षष्ठी आली की तो माणूस खळ्यात बसू शकत नसे. तंगुसाची दोरी बोटावर घेऊन, श्वास धरून, पाण्याखाली काय चाललंय ते बोटाने ऐकत बसायचे. दोरी ताणली की त्यांच्या तोंडावर जे उमटायचं ते पोटाच्या भुकेचं नव्हतं. त्या आनंदाला काय म्हणायचं? कायदा त्यांना मधोमध कापून अर्धे अन्नाच्या बाजूला आणि अर्धे करमणुकीच्या बाजूला टाकू शकत नाही. पोट आणि हौस एकाच हातात होती, एकाच दोरीवर. पुतण्याची तर तऱ्हाच आणखी गुंतलेली. गिऱ्हाइकाची हौस हीच त्याची भाकरी.

आपल्याकडे ह्या गोष्टींवर विचार झालेला नाही असं नाही. महाभारतात वनपर्वात धर्मव्याधाची कथा आहे. मिथिलेतला मांस विकणारा तो, आणि त्याच्याकडे कौशिक नावाचा ब्राह्मण धर्म शिकायला जातो. व्याध त्याला सांगतो की नांगर चालवणाराही जमिनीतले असंख्य जीव मारतो, चालणाराही मारतो. पण कथेत एक बारकी गोष्ट आहे. तो स्वतः मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेल्याचं मांस विकतो, हेही तो सांगून टाकतो. मला वाटतं, त्यालासुद्धा मारणं आणि विकणं यांत काहीतरी फरक जाणवत असावा, नाहीतर ते सांगायचं कारण नव्हतं. आमचे लोक हा फरक वारांनी सांभाळतात. सोमवारी शिवराक, संकष्टीला शिवराक. कधी खायचं नाही ह्याचे नियम पुष्कळ. कसं मारायचं ह्याचे नियम मला फक्त आबाकाकांकडे दिसले.

त्यांचा एक नियम गावाला चमत्कारिक वाटायचा. पलीकडच्या वाडीतले काहीजण रात्री जिती शेवट्याची पिल्लं लावून गऱ्या कांदळाला बांधून ठेवत आणि सकाळी जाऊन बघत. मेहनत कमी, मासा जास्त. आबाकाकांनाही सांगून झालं. ते तयार झाले नाहीत. कारण विचारलं तर म्हणाले, "ज्येका आपण मारतंव तेच्या वांगडा थांबाक होया. तेका रातभर थंय टाकून आपण घरात निजाचां, ह्यां माका जमाचां नाय." वांगडा म्हणजे सोबत. ते सोबत थांबायचे. सुंगट दमलं, हलेनासं झालं की काढून पाण्यात टाकायचे. मासा वर आला की पेरूच्या लाकडाच्या दांडक्याने डोक्यात एकच ठोका, मग गरी सोडवायची. तडफडणारा मासा त्यांच्या होडक्यात मी पाहिला नाही. टोपलीत सुंगटं उरली तर निघताना झाकण उघडून खाडीत.

हे मी एकदा बायला भारावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आबा थांबले, तेचो सुंगटाक काय उपेग?"

सुंगटाला खरंच काही उपयोग नाही. गरीच्या टोकाला त्याला होडकं, आबा, पेरूचं दांडकं, काहीच दिसत नसणार. मी तिला म्हटलं, थांबणाऱ्याकडून एक होतं. तो एका वेळी एकच गरी टाकू शकतो. त्याची सुंगटं वीस, त्याची वेळ एका भरतीची. बांधून ठेवलेल्या गऱ्यांना असं काही बंधन नाही, त्या पन्नास लावता येतात, कारण पन्नासांचं मरण कुणालाच बघायचं नसतं. थांबण्याने सुंगटाचं दुःख कमी होत नाही, पण सुंगटं कमी लागतात. ती म्हणाली, "मग नाना, तेका माप म्हणा. दया म्हणू नकात." मी तो शब्द तेव्हापासून जपून वापरतो.

पुतण्याने गेल्या हंगामापासून काही गोष्टी बदलल्या. माझ्या बोलण्याने की बहिणीच्या न बोलण्याने, हे मी विचारलेलं नाही. मासा सोडणार असाल तर प्लास्टिकचा मासा, आणि गरीचा उलटा काटा पकडीने दाबून टाकलेला. जितां सुंगट हवं असेल तर मासा खायचा, निदान आमच्या घरी तरी द्यायचा. टोपलीत दहा. दांडकं तो स्वतः चालवतो, गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. काही गट हे ऐकून दुसरीकडे गेले. एकाने फोनवर त्याला विचारलं, "तू होडीवाला आहेस की कीर्तनकार?" हप्ता त्या महिन्यात मी भरला. हा खर्च कुणी तरी धरायला हवा. विवेकाच्या गोष्टी सांगणाऱ्याने तर नक्कीच.

बाय अजूनही टोपली भरत नाही. पण ह्या सुट्टीत तिने एक नवीन चालवलंय. सुंगट बर्फाच्या पाण्यात घालून आधी गार करते, मग त्या काळ्या ठिपक्यात सुई घालून मारते, आणि ते ताजं मेलेलं सुंगट गरीला लावून दोरी मनगटाने अशी झटकते की ते मागे उडी घेतल्यासारखं दिसावं. चार दिवसांत एक तांबोसा मिळाला, पाऊण किलोचा. भाऊ म्हणाला, नशीब. ती म्हणाली, मनगट. आबाकाकांनी जो ठिपका आयुष्यभर चुकवला तोच ती शोधून टोचते, हे त्या दोघांच्या लक्षात आलंय की नाही मला माहीत नाही. मी बोललो नाही.

येत्या पंचमीला दोघं एकाच होडीतून जाणार आहेत. एका बाजूला तो जित्याची गरी घेऊन, दुसऱ्या बाजूला ती आपली. भरती पावणेचारला भरते, म्हणजे उथळावर पाणी चढताना तिथे असायचं तर बाराला निघायला हवं. मला वेळू धरायला बोलावलंय. कालवण कुणाच्या माशाचं, ह्यावर पैज लागली आहे, आणि वहिनीने दोघांनाही बजावलंय की मसाला वाटून ठेवते, पण तीनपर्यंत बाजारातून काही आणायला माणूस पाठवायचा की नाही ते फोन करून सांगा.